रंगराव फौजदार आणि काजळी

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी रंगराव घार्गे नावाचे फौजदार राहत होते. नोकरीतून ते निवृत्त झाले होते, पण गाव त्यांना अजून फौजदारच म्हणे, आणि त्यांनाही ते आवडे. साऱ्या नोकरीत त्यांनी एकच गोष्ट मानली होती. जिथे कुरबुर आहे तिथे कोणीतरी आरोपी आहे. आरोपी शोधायचा, त्याला बाजूला काढायचा, की कुरबुर संपते.

घर लहानच होते. पुढे सोपा, मध्ये दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. परसात एक जुना दगडी हौद आणि त्याच्या शेजारी अडगळीची खोली. मुलगी लग्न होऊन हुबळीला गेलेली, त्यामुळे घरात रंगराव आणि त्यांची पत्नी विजयमाला अशी दोनच माणसे. गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून विजयमालाबाई सावकाश चालत, सावकाश बसत, सावकाश उठत. स्वयंपाकही सावकाशच करत. पण तिथे त्यांचा जीव रमे.

निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी रंगरावांना काचेचा एक फिश टँक भेट दिला होता. त्यात दोन सोनमासे होते. एक काळाभोर, डोळे चेहऱ्याच्या बाहेर आलेले, जणू कोणी दोन्ही बाजूंना मणी चिकटवले आहेत. दुसरा केशरी, डोक्यावर लाल मांसल गोळा. विजयमालाबाईंनी काळीचे नाव काजळी ठेवले आणि केशऱ्याचे मुंडाशा. दोघेही पोटाने गोल आणि चालीने संथ. एवढे मोठे डोळे असूनही काजळीला नीट दिसत नसे. दाणा पाण्यात पडला की ती वासावर चाचपडत जाई. मुंडाशालाही कधी घाई नसे. दुपारी विजयमालाबाई टँकपुढे खुर्ची टाकून बसत आणि म्हणत, "ह्यांचं आणि माझं बरं जमतं."

रंगरावांना मात्र टँक निर्जीव वाटे.

"हे काय मासे! जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यांसारखे दिसतात," ते म्हणाले. एक दिवस बाजारात गेले आणि आणखी दोन मासे घेऊन आले. केशरीच, पण सडपातळ, लांब शेपटीचे, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सुटणारे. दुकानदाराने त्यांना कॉमेट म्हणतात असे सांगितले. हेही सोनमासेच, एकत्र चालतील, असेही सांगितले. त्यातल्या एकाच्या कपाळावर पांढरा टिळा होता.

"मला विचारायचं तरी," विजयमालाबाई म्हणाल्या.

"माशांत काय विचारायचं?" रंगराव म्हणाले आणि त्यांनी पिशवी टँकमध्ये रिकामी केली.

त्याच महिन्यात त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला, हौसाक्काला, घरी आणले. तिचा नवरा वारला होता, मूलबाळ नव्हते. गावी ती एकटी पडली होती. रंगराव जीप घेऊन गेले, तिचे सामान भरले आणि तिला घेऊन आले. विजयमालाबाईंना कळले ते जीप दारात उभी राहिल्यावर.

हौसाक्का सत्तरीची होती, पण काटक. जन्म शेतात राबण्यात गेलेला. हात रिकामा राहिला की तिला चोरी केल्यासारखे वाटे. दिवस उजाडायच्या आत अंगण झाडून, भांडी घासून, भाकऱ्या थापून ती मोकळी होई. विजयमालाबाई सावकाश उठून स्वयंपाकघराच्या दारात येत, तेव्हा ओटा पुसलेला असे, भाजी झालेली असे. त्या तिथेच क्षणभर उभ्या राहत आणि परत जाऊन बसत. हौसाक्काला वाटे, आपण भावजयीला आराम देतो आहोत. विजयमालाबाईंना वाटे, आपल्याच घरात आपल्याला जागा उरली नाही. दोघी एकमेकींना काही बोलत नव्हत्या. घरात भांड्यांचा आवाज मात्र वाढला होता.

टँकमध्येही तसेच चालले होते. रंगराव सकाळी चिमूटभर दाणे टाकत. दाणे पाण्याला लागायचा अवकाश, दोन्ही कॉमेट वर येत आणि क्षणात पाणी साफ करून टाकत. काजळी वास घेत वर येई तोवर काही उरलेले नसे. ती रिकाम्या पाण्यात तोंड उघडून मिटून पुन्हा खाली जाई.

एक दिवस विजयमालाबाईंनी हाक मारली. "अहो, इकडे या. काजळीची शेपूट बघा."

रंगराव आले. काजळीची मखमली शेपूट कडेने फाटली होती. तिच्या चिंध्या पाण्यात तरंगत होत्या. ती टँकच्या कोपऱ्यात, पंपाच्या नळीमागे अंग चोरून उभी होती.

रंगरावांच्या अंगातला फौजदार जागा झाला. त्यांनी खुर्ची ओढली आणि हलायचे नाव घेतले नाही. चहा तिथेच घेतला, वर्तमानपत्र तसेच घडीत राहिले. दुपारच्या सुमारास टिळेवाला कॉमेट सपकन आला, काजळीच्या शेपटीचा लचका तोडला आणि निघून गेला. काजळी दचकून काचेवर आपटली. तिला मारणारा कोण, कुठून आला, हेसुद्धा तिला दिसले नाही.

"सापडला!" रंगराव उठले. "एक बरणी द्या कोणीतरी!"

हौसाक्का लगेच एक मोठी काचेची बरणी घेऊन आली. बरणी घासून लख्ख केलेली होती. ती पाहताच विजयमालाबाईंचा चेहरा बदलला.

"ही लोणच्याची बरणी. ह्यातलं लोणचं कुठाय?"

"डब्यात काढलं की," हौसाक्का म्हणाली. "एवढी मोठी बरनी नि बुडाला पसाभर लोनचं. जागा अडून राहिलती."

"कुठल्या डब्यात? स्टीलच्या? वन्सं, लिंबाचं लोणचं होतं ते. स्टीलमध्ये बिघडेल. आणि माझ्या आईची बरणी होती ती. मला विचारायचं तरी!"

"विचाराय काय, तू निजलीवतीस."

"मी निजले नव्हते. मी उठत होते. मला उठायला वेळ लागतो!"

विजयमालाबाईंचा आवाज इतका चढलेला त्या घराने कधी ऐकला नव्हता. रंगरावांनी हात वर केला. दुसऱ्या हाताने त्यांनी टिळेवाला मासा पाणी भरलेल्या बरणीत टाकला आणि तिथेच उभ्या उभ्या चौकशी सुरू केली. आधी कोण बोललं? बरणीला हात कुणी लावला? कशासाठी? दोघींनी उत्तरे दिली. प्रत्येक उत्तराबरोबर दोघी एकमेकींपासून दूर सरकत गेल्या. शेवटी रंगराव म्हणाले, "चूक आक्काची आहे. आक्का, उद्यापासून सकाळी आठ वाजल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. आणि चहा झाला की बाहेर यायचं. हा माझा हुकूम."

पदर खांद्यावर ओढून हौसाक्का सोप्यावर जाऊन बसली.

रंगरावांना वाटले, दोन्ही प्रकरणे निकालात निघाली. पण दुसऱ्याच दिवशी उरलेला कॉमेट काजळीच्या मागे लागला. टिळेवाल्याने जे केले तेच हाही करू लागला. रंगरावांनी त्यालाही दुसऱ्या बरणीत टाकले. आता टँकमध्ये काजळी आणि मुंडाशा उरले, पहिल्यासारखे. विजयमालाबाईंनी सुस्कारा सोडला. काजळी पोटभर खाऊ लागली, तिची शेपूट हळूहळू भरून येऊ लागली.

मग एका सकाळी पाण्यात खळबळ ऐकू आली. मुंडाशा, तो गरीब मुंडाशा, काजळीला ढुशा देत होता. डोक्याचा लाल गोळा तिच्या पोटात खुपसून तो तिला या काचेवरून त्या काचेवर रेटत होता. काजळीला दम घ्यायला फुरसत नव्हती. मुंडाशाच्या गालफडांवर पांढरे ठिपके उमटले होते. विणीचा हंगाम होता, आणि या दिवसांत नर मादीच्या मागे असा लागतोच. मोठ्या पाण्यात मादी त्याला चुकवून निघून जाते. इथे काजळी जिकडे वळे तिकडे काचच होती.

"तूसुद्धा?" रंगराव काचेला तोंड लावून म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटले. मुंडाशाची रवानगी बादलीत झाली.

आता घरात सोप्याच्या फळीवर दोन बरण्या, मोरीत एक बादली, आणि मोठ्या टँकमध्ये एकटी काजळी. पाहायला आलेले शेजारी हसत. विजयमालाबाईंना हसू येत नव्हते. बरणीतला टिळेवाला दिवसभर तोंड पाण्याच्या वर काढून हवा गिळे. वळायला गेला की शेपूट काचेला घासे.

"ह्याला शिक्षा किती दिवसांची?" त्यांनी एकदा विचारले.

"सुधारेपर्यंत."

"बरणीत तो कसा सुधारणार, अहो? तिथं तर तो नुसता उभा आहे."

रंगराव तसेच बाहेर पडले, तर सोप्यावर हौसाक्का बसली होती. तीही नुसती बसली होती. हुकूम झाल्यापासून ती पहाटे उठे, भिंतीला टेकून आठ वाजायची वाट पाही, आणि आठ वाजल्यावरही आत जात नसे. तिने अंगण झाडायचेही सोडले होते. जेवायला बसे तेव्हा दोन घास खाऊन उठे. काटक बाई महिन्याभरात वाळून गेली होती.

काजळी एकटी पडली म्हणून रंगरावांनी तिला सोबत आणायचे ठरवले. या वेळी त्यांनी नीट विचार केला. तगडा मासा नको, चपळ नको. त्यांनी दुकानातला सर्वांत दुबळा सोनमासा निवडला. त्याच्या दोन्ही डोळ्यांखाली पाण्याने भरलेल्या नाजूक पिशव्या होत्या. पोहताना त्या फुग्यांसारख्या हलत. तो काजळीहूनही लहान आणि संथ होता. "हा कुणाला काय करणार?" रंगराव म्हणाले.

खरेच, त्याने कुणाला काही केले नाही.

सकाळ होती. विजयमालाबाई टँकपुढे बसल्या होत्या. रंगरावांनी दाणे टाकले. नवा मासा चाचपडत दाण्यांकडे निघाला. तेवढ्यात काजळी वळली. इतके दिवस मार खाल्लेली, कोपऱ्यात दडलेली काजळी थेट त्याच्या अंगावर गेली. तिने त्याला दाण्यांपासून रेटले. तो मागे सरला, तरी ती थांबली नाही. तिने तोंड उघडले आणि त्याच्या डोळ्याखालची पिशवी ओढली. पिशवी फुटली. तो लहानगा गरकन फिरला आणि तळाशी जाऊन आडवा पडला.

"काजळी?" विजयमालाबाई ओरडल्या. "अहो, आपली काजळी?"

रंगराव जागच्या जागी उभे राहिले. नवी बरणी आणावी तर कोणासाठी? ज्याला मार बसत होता त्यानेच आता मार दिला होता. त्या लहानग्याखेरीज आरोपी नाही असा एकही मासा आता घरात उरला नव्हता. त्यांनी जखमी माशाला एका पसरट घमेल्यात घेतले.

त्याच वेळी आतून भांडे पडल्याचा आवाज आला.

हौसाक्काला रात्रीपासून कणकण होती. अंगात ताप घेऊन ती चहा करायला स्वयंपाकघरात गेली होती. भिंतीवरच्या घड्याळात आठाला थोडा अवकाश होता. भांड्याच्या आवाजाने विजयमालाबाई भिंतीला धरून आत गेल्या. त्यांनी हौसाक्काच्या तापलेल्या हातातले पातेले काढून घेतले.

"तुमची वेळ झाली नाही," त्या म्हणाल्या. "हुकूम आहे."

दारात उभ्या असलेल्या रंगरावांनी ते ऐकले. शब्द त्यांचे होते, तोंड विजयमालेचे होते. एरवी कोणाला कठोर शब्द न बोलणारी ही बाई एका ताप आलेल्या म्हातारीच्या हातून पातेले हिसकावून घेत होती. रंगरावांना काजळी आठवली.

हौसाक्का खोलीत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली ती काखेत गठुडे घेऊन.

"रंगा, दुपारच्या यष्टीत मला बसवून दे."

"कुठं जाणार?"

"जाईन कुठंबी. देवळाच्या ओट्यावर पडीन. तिथं घड्याळ न्हाई."

रंगराव बोलणार होते. आत काय घडले, आधी कोण काय म्हणाले, हे विचारायला त्यांचे तोंड उघडलेसुद्धा. तेवढ्यात त्यांची नजर फळीवर गेली. बरणीतला टिळेवाला कुशीवर झाला होता. एक कल्ला पाण्याच्या वर आला होता आणि तोंड उघडमीट करत होते, तेही आता थांबत थांबत.

कोठडीत माणूस दगावणे ही रंगरावांनी सर्व नोकरीत सर्वांत मोठी नामुष्की मानली होती. त्यांच्या ताब्यातला एकही माणूस कधी दगावला नव्हता. त्यांनी बरणी उचलली आणि पाणी बदलायला मोरीकडे धावले. नळ उघडला. नळाला पाणी नव्हते. बरणी छातीशी धरून ते तसेच परसात गेले, हौदाच्या काठावर गुडघे टेकले आणि जुने पाणी ओतून टाकायला बरणी कलती केली. हात ओले होते. बरणी निसटली, आपटून फुटली नाही, पण पालथी झाली. मासा हौदात पडला आणि दिसेनासा झाला.

"गेला!" रंगराव ओरडले. "अगं, गेला!"

त्यांच्या आवाजाने विजयमालाबाई लंगडत आल्या. हौसाक्काही गठुडे टाकून आली. तिघेही हौदात वाकून पाहू लागले. पाणी हिरवट होते, खोल होते. तळ दिसत नव्हता. पाण्यावर एक पान फिरत होते, तेवढेच.

मग हिरव्या पाण्यात खोलवर एक केशरी रेघ उमटली. ती आधी हळू हलली. थांबली. पुन्हा हलली. आणि एकाएकी टिळेवाला या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला, वळला आणि तसाच परत आला. काचेत त्याला एवढे अंतर कधी मिळालेच नव्हते. भिंतीशी डासांच्या अळ्या होत्या. त्याने त्या टिपल्या आणि पुन्हा धाव घेतली.

"हा तोच का?" विजयमालाबाईंनी हळूच विचारले.

"तोच. कपाळ बघ."

हौसाक्का झटक्याने गेली आणि दुसरी बरणी घेऊन आली. रंगरावांनी मान डोलावली. दुसरा कॉमेटही हौदात सुटला. आता हे दोघे एकमेकांना फाडतील असे रंगरावांना वाटले. दोघे एकमेकांजवळ आले, बाजूबाजूने पोहू लागले, आणि पाण्यात दूर निघून गेले.

रंगराव हौदाच्या काठावर बसून राहिले. पँट ओली झाली होती, ते त्यांच्या ध्यानात आले नाही.

"आयुष्यभर मी विचारत आलो, कुणी मारलं, का मारलं," ते म्हणाले. "ह्या माशांच्या बाबतीतही तेच विचारलं. पण ज्याला दिसत नाही आणि जो पळतो, त्यांना एका काचेत घातलं कुणी, हे मी विचारलंच नाही."

"कुणी घातलं?" हौसाक्काने सरळपणाने विचारले.

"मी घातलं." त्यांनी तिच्याकडे पाहिले. "आक्का, तुलाही मीच आणलं. तुला विचारलं नाही. गाडीत बस म्हटलं. आणि विजयमालेला तर जीप दारात आल्यावर कळलं."

हौसाक्का चमकली. "म्हंजी? तिला इचारलं न्हवतंस?"

"नाही."

"आरं, मला वाटलं हिनंच बोलावलं. म्हनून तर मी हिला कामाला हात लावू देत न्हवते. एवढ्या मायेनं बोलावलं, तर तिचं दुखनं-खुपनं आपन वाटून घ्यावं."

विजयमालाबाई हौदाच्या भिंतीला टेकल्या. "आणि मला वाटलं, वन्संनीच यायचा हट्ट धरला. आल्या त्या घर ताब्यात घ्यायलाच."

रंगरावांना आपली ती चौकशी आठवली. त्यांनी दोघींना इतके प्रश्न विचारले होते, पण ही एक गोष्ट त्यातून बाहेर आली नव्हती. कारण ती त्यांच्या स्वतःजवळच होती.

"आक्का," ते म्हणाले, "तुला कसं राहायचंय?"

हा प्रश्न हौसाक्काला आजवर कोणी विचारला नसावा. लग्नाआधी बापाने नाही, नंतर नवऱ्याने नाही. ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"माझी चूल मला असावी," शेवटी ती म्हणाली. "पहाटं उठले तर कुनाची झोप मोडाय नको. कुनाची वाट बघाय नको. पर लोक म्हनतील, भावानं बहिनीला येगळी काढली."

"लोकांना मी सांगेन," रंगराव म्हणाले. मग ते बायकोकडे वळले. "आणि तुला?"

"मला माझं स्वयंपाकघर पाहिजे," विजयमालाबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. मनातले लगेच जात नसते. "आणि वन्सं आज कुठं जायच्या नाहीत. त्यांच्या अंगात ताप आहे. आधी चहा घ्या म्हणावं."

अडगळीची खोली त्याच आठवड्यात रिकामी झाली. रंगरावांनी जुन्या फायली रद्दीत घातल्या, भिंतीला चुना मारला, शेगडी आणली. खोलीला परसात उघडणारे आपले दार होते. ताप उतरताच हौसाक्का तिथे राहायला गेली. पहिल्या पहाटे तिच्या भाकरी थापण्याचा आवाज परसात घुमला आणि त्याने कोणाची झोप मोडली नाही.

मुंडाशा विणीचा हंगाम सरेपर्यंत वेगळ्या, रुंद टाकीत राहिला, आणि मग काजळीकडे परतला. रंगराव आता दाणे दोन टोकांना टाकत आणि काजळीचे पोट भरेपर्यंत तिथून हलत नसत. पोटाची भीती गेली तशी ती पूर्वीसारखी शांत झाली. पिशवी फुटलेला लहानगा मात्र वाचला नाही. घमेल्यात तो काही दिवस तग धरून होता. रंगराव रोज त्याचे पाणी बदलत. एका सकाळी तो तरंगताना दिसला. त्यांनी त्याला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरले आणि कितीतरी वेळ हातातली माती झटकली नाही. त्या जिवाने कोणाचे काही घेतले नव्हते. त्याला टँकमध्येही त्यांनीच सोडले होते.

दोघी नणंदा-भावजया बरेच दिवस कामापुरतेच बोलत. रंगराव त्यात पडले नाहीत. हे त्यांना फार जड गेले.

मग एकदा दुपारी ते सोप्यावर बसले असता विजयमालाबाई हातात वाटी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडताना दिसल्या. त्या एकेक पाऊल टाकत परसातून निघाल्या होत्या. रंगराव मदतीला उठले आणि पुन्हा बसले. हौसाक्काच्या दारापुढे तीन उंच पायऱ्या होत्या. विजयमालाबाई खाली थांबल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, येऊ का?"

हौसाक्का दारात आली. एरवी तिने झपकन खाली उतरून वाटी घेतली असती, पाट मांडला असता, पाणी दिले असते. आज ती चौकटीला हात लावून उभी राहिली.

"ये की," ती म्हणाली. "सावकाश ये. मला काय घाई न्हाई."

आणि विजयमालाबाई तिन्ही पायऱ्या चढून वर येईपर्यंत ती जागची हलली नाही.

तात्पर्य: एकत्र राहणाऱ्यांत भांडण लागले, तर दोषी कोण हे शोधण्याआधी, ज्याने त्यांना एकत्र आणले त्याने जागा पुरेशी होती का, जोड जुळणारी होती का आणि त्यांना विचारले होते का, हे स्वतःला विचारावे.